हत्ती, जावई आणि डावीकडची धूळ

आमच्या घरी केर काढणारा रोबो आला तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "हा बसतो कुठे?"

"याची एक बैठक असते, आई," खोक्यातून एकेक भाग काढत नवरा म्हणाला. "भिंतीला लावून ठेवायची. तिथेच चार्ज होतो. काम झालं की आपला आपण परत येऊन बसतो."

"आणि काम करताना?"

"आपण वाटेतलं सामान उचलायचं. वायरी, चपला, पायपुसणी. खुर्च्या जरा सरकवायच्या."

"म्हणजे सगळ्यांनी याच्या पुढेपुढे करायचं, वाट मोकळी करून द्यायची, हा घरभर मिरवणार आणि दमला की ठरलेल्या जागी जाऊन बसणार." सासूबाईंनी त्या काळ्या गोल तबकडीकडे नीट पाहिलं. "मग हा तर जावईच झाला की!"

मला नणंद नाही, त्यामुळे घराला जावई नव्हता. त्या दिवसापासून झाला.

आमच्याकडे आधीपासून एक हत्ती होता. जुना व्हॅक्यूम क्लीनर. करड्या रंगाचा, पोटाला गोल, चाकांवर डुलत चालणारा आणि पुढे लांबलचक सोंड. चालू केला की बोलणं ऐकू येत नसे. हत्तीचा माहूत म्हणजे माझे सासरे. बाबांनी उभी हयात शाळेची बस चालवली. एवढ्या वर्षांत एकाही पोराचा गुडघा खरचटू दिला नाही, हे ते स्वतः सांगत नसत, पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर तिथून उठतही नसत. निवृत्त झाल्यावर त्यांनी रविवारची झाडलोट आपल्या अंगावर घेतली. पुढच्या खोलीतला गालिचा, सोफा, जिना, वरच्या दोन्ही खोल्या, शेवटी दारात उभी असलेली गाडी आतून. रविवारी सकाळी हत्ती ओरडायला लागला की आम्ही पाय वर घ्यायचे.

पण काही महिन्यांपूर्वी हत्तीला जिन्यावरून वर नेताना त्यांची कंबर धरली. चांगले चार-पाच दिवस आडवे होते. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. माणसांनी ओझी जिन्यावरून नेलेली त्याला मुळातच बघवत नाहीत. तो तडक जाऊन रोबो घेऊन आला.

"हे खेळणं आहे," बाबा म्हणाले. "याने केर निघत असता तर लोकांनी हत्ती पाळले नसते."

मला मात्र त्याचं भारी कुतूहल. मी टॉवेलच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जातं आणि मी डोळ्यांत तेल घालून त्यातला दोष शोधते. घरी आल्यावर खरं तर काही बघायचा कंटाळा यायला हवा. पण मी चहाचा कप घेऊन त्या रोबोच्या मागे मागे फिरायला लागले. पहिल्या दिवशी तो भिंतीभिंतीने गेला, मुंगी जशी जागेचा अंदाज घेते तसा. मग खोलीच्या मध्ये येऊन शेतात नांगर चालावा तशा सरळ रेघा मारायला लागला. टेबलाच्या पायाशी आला की थबकायचा, कुजबुजल्यासारखा आवाज करायचा आणि वळसा घालून पुढे. वरच्या मजल्यावर नेऊन सोडल्यावर तो जिन्याच्या तोंडाशी येऊन काठावर थांबला तेव्हा मी कप खाली ठेवून धावले. पडला नाही. मागे सरला.

"त्याला खाली खोल आहे ते कळतं," नवरा म्हणाला. "पोटाखाली सेन्सर आहेत. आमच्या लिफ्टच्या दाराला असतात तसेच."

काम संपल्यावर फोनवर नकाशा आला. आमचं घर वरून कसं दिसतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. जिथे जास्त धूळ सापडली तिथे नकाशावर गडद ठिपके होते.

त्याची फजितीही लवकरच झाली. सासूबाईंचा लोकरीचा गुंडा सोफ्यावरून खाली पडला आणि रोबोने त्याचं टोक गिळलं. आम्ही स्वयंपाकघरात होतो. बाहेर येऊन पाहतो तर खुर्च्यांच्या पायांना, टेबलाला, कुंडीला हिरव्या लोकरीची जाळी आणि मधोमध तो गुरगुरत अडकलेला. बाबा हसून हसून सोफ्यावर आडवे झाले.

"अहो, हसताय काय, माझं अख्खं विणकाम गेलं!" सासूबाई ओरडल्या.

"तुझ्या जावयाला स्वेटर हवा असेल," बाबा म्हणाले.

काळ्या पायपुसणीवर तो चढायचाच नाही, तिला खड्डा समजायचा. बाथरूमचा उंबरा त्याला जमायचा नाही. माझे लांब केस त्याच्या ब्रशला असे गुंडाळले जायचे की दर दोन दिवसांनी कात्री घेऊन बसावं लागे. पण पलंगाखाली, जिथे हत्तीची सोंड कधी पोचली नव्हती आणि आम्ही वाकून पाहिलंही नव्हतं, तिथे तो रोज जायचा. एके दुपारी मी लवकर घरी आले तर बाबा, कंबर दुखत असताना, जमिनीवर गाल टेकून पलंगाखाली बघत होते.

"काही पडलं का, बाबा?"

ते दचकले. "नाही... हा तिकडे वळतो कसा ते बघत होतो." मग उठता उठता म्हणाले, "चालवतो बरा. रिव्हर्स मात्र घाईत घेतो."

कंबर बरी झाल्यावर त्यांनी हत्ती परत बाहेर काढला आणि नवऱ्याने पैज लावली. आठवडाभर रोबोला पुढच्या खोलीत फिरवायचं नाही. रविवारी आधी बाबांनी ती खोली साफ करायची, मग रोबोचा डबा रिकामा करून त्याला सोडायचं. त्याला किती मिळतं ते बघायचं.

"माझ्यामागून त्याला उपास घडेल," बाबा म्हणाले.

त्यांची पद्धत ठरलेली. हत्तीची पिन दाराजवळच्या सॉकेटला लावायची, स्वतः खिडकीपाशी जायचं आणि खिडकीकडे तोंड ठेवून मागे मागे सरत दारापर्यंत यायचं. म्हणजे साफ केलेल्या जागेवर आपलेच पाय पडत नाहीत. उजव्या हाताला सोफ्याची भिंत, डाव्या हाताला पुस्तकांच्या कपाटाची. त्यांनी मन लावून काम केलं, घाम पुसला, हत्ती बंद केला. खोलीत एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत रोबो आपल्या बैठकीवरून टुणकन सुटला.

डबा उघडला तर चांगली मूठभर धूळ, खडूच्या भुकटीसारखी. शिवाय शेंगदाण्याचं टरफल आणि एक बटण.

नवऱ्याचं तोंड चोरासारखं झालं. पैज त्याने गमतीत लावली होती. बाबांनी डब्यात बोट फिरवून पाहिलं.

"हत्ती म्हातारा झाला," ते एवढंच म्हणाले.

नवऱ्याने त्याच दुपारी हत्ती उघडला. नवी पिशवी बसवली, सोंडेत काठी घालून पाहिली, फिल्टर धुतला. कुठेच काही तुंबलेलं नव्हतं. सोंडेचं तोंड तळहाताला लावलं तर हात सुटेना. "अरे, हा अजून जवान आहे!" तो म्हणाला. पुढच्या रविवारी परत तोच खेळ, आणि परत डबा भरलेला.

आता मला राहवेना. मी फोनवरचा नकाशा काढून बसले. सोफ्याच्या बाजूला एकही गडद ठिपका नव्हता. खोलीच्या मध्यातही नव्हता. सगळे ठिपके कपाटाच्या भिंतीलगत, दारापासून खिडकीपर्यंत, एक पट्टाच्या पट्टा. मागच्या रविवारचा नकाशा काढला. तोच पट्टा.

कपाटाखालून धूळ येत असेल? मी कपाट सरकवलं. खाली स्वच्छ होतं. गालिचा त्या बाजूला जास्त दाट आहे का? हात फिरवून पाहिला, सगळीकडे सारखा. त्या बाजूला आम्ही जास्त वावरतो का? उलट कमीच.

कारखान्यात आम्हाला असं रोज होतं. कापडावर एका बाजूला फिकट पट्टा दिसतो. दोष धाग्यात आहे, मागात आहे की आमच्या टेबलाच्या दिव्यात? नुसतं बघून कळत नाही. मग आम्ही तागा उलटा फिरवतो. पट्टाही फिरला तर दोष कापडात. पट्टा होता तिथेच राहिला तर दोष आमच्या दिव्यात.

खोली काही फिरवता येत नव्हती. पण बाबांना फिरवता येणार होतं.

तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, "बाबा, दाराजवळचं सॉकेट जरा सैल वाटतंय. आज पिन खिडकीजवळ लावा ना. दारापासून सुरू करा आणि खिडकीकडे मागे या."

"कुठलं सॉकेट सैल?" नवरा आतून म्हणाला. "मी कालच..."

मी आत जाऊन त्याच्या पायावर पाय दिला.

बाबांनी दाराकडे तोंड करून काम केलं. आता कपाट त्यांच्या उजवीकडे होतं आणि सोफा डावीकडे. मी दारात उभी राहून बघत होते. ते उजवीकडून डावीकडे येत होते, सोंड शिस्तीत पुढे-मागे करत. आणि सोफ्याच्या अलीकडे, जिथे अजून हातभर गालिचा शिल्लक होता, तिथे ते थांबले. कंटाळून नव्हे, घाईनेही नव्हे. भिंत आल्यावर माणूस थांबतो तसे थांबले, एक पाऊल मागे सरले आणि परत उजवीकडून सुरू झाले.

रोबो फिरून आला. मी नकाशा उघडला. पट्टा सोफ्याच्या बाजूला गेला होता.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. इतके दिवस मी दोष शोधत होते, एखादं कोडं सोडवावं तशी खुशीत. आता उत्तर हातात आलं आणि वाटलं, नसतं आलं तर बरं झालं असतं. दोष गालिच्यात नव्हता. हत्तीत नव्हता. बाबांच्या डावीकडे काहीतरी हरवलं होतं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. गाडीचा डावा आरसा दोनदा बदलला होता. बाबा म्हणाले होते, कुणीतरी येता-जाता ठोकून गेलं. वर्तमानपत्र वाचताना ते मध्येच चिडायचे, "हल्ली हे लोक कसलंही छापतात, वाक्याला सुरुवातच नाही." ताटात डावीकडे वाढलेली उकडलेली गाजरं ते ठेवून द्यायचे. पूर्वी आवडीने खायचे.

मी सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठलं आणि दोन्ही नकाशे दाखवले. त्या भाजी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली, चष्मा लावला, फोन जवळ धरला.

"मला वाटलं ते माझ्यावर रागावलेत," त्या म्हणाल्या.

"का?"

"माझी खुर्ची त्यांच्या डावीकडे आहे ना. मी बशी पुढे केली तरी घेत नाहीत. हसून पाहिलं तरी बघत नाहीत. बोलले तर उत्तर देतात, पण समोर बघून. कित्येक दिवस झाले." त्यांनी ओट्यावरचं पाणी फडक्याने पुसलं, पुसलेलंच परत पुसलं. "म्हटलं, एवढ्या वर्षांनी माणसाचा जीव उबगतो. कुणाला सांगणार असलं?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"पण आता काय करायचं गं?" त्या एकदम म्हणाल्या. "बुधवारी आम्ही माझ्या बहिणीकडे निघालोय. गाडीने. घाटाचा रस्ता."

त्याच संध्याकाळी चहाच्या वेळी आम्ही विषय काढला. खरं तर मीच काढला, कारण सासूबाई नुसत्याच बशा पुसत होत्या आणि नवरा अजून विश्वास ठेवायला तयार नव्हता. मी फोन टेबलावर ठेवला आणि काय पाहिलं ते सांगितलं. सॉकेटची थाप मारली होती तीही सांगितली.

बाबांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तू माझी परीक्षा घेतलीस?"

"हो, बाबा."

"त्या तबकडीची चहाडी ऐकून? मी आंधळा झालो असं ती सांगते? उभा जन्म गाडी चालवली मी. रस्त्यावरचा खिळा दिसतो मला अजून!"

"उजवीकडचा दिसत असेल," मी म्हटलं, आणि जीभ चावली.

नवरा मध्ये पडला. "बाबा, भांडण नको. एक साधी गोष्ट करू. खोटी निघाली तर ती माफी मागेल, आणि मी रोबो परत देऊन येईन. तुम्ही हिच्या नाकाकडे बघायचं. फक्त नाकाकडे. ही दोन्ही हात बाजूला धरेल आणि बोटं हलवेल. कुठली हलतात ते सांगायचं."

बाबा ताठ बसले, परवान्याची चाचणी द्यायला बसल्यासारखे. त्यांनी माझ्या नाकावर नजर रोखली. मी त्यांच्या उजव्या बाजूची बोटं हलवली.

"उजवीकडे," ते ताबडतोब म्हणाले.

परत तीच.

"उजवीकडे."

मग मी त्यांच्या डाव्या बाजूचा हात हलवायला लागले. बोटं, मग अख्खा पंजा, मग निरोप देताना हलवावा तसा हात. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"चल ना," बाबा म्हणाले. "हलव की."

मी हलवतच होते. कुणी काही बोलत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी सासूबाईंचा चेहरा पाहिला, मग मुलाचा. मग हळूहळू मान डावीकडे वळवली आणि त्यांना माझा हात दिसला.

"कधीपासून हलतोय हा?" त्यांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. निव्वळ आश्चर्य होतं. घरातल्या घरात एक नवीनच दार सापडावं तसं.

डॉक्टर बाईंनी दुसऱ्या दिवशी त्यांना एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. आत ठिणगीएवढा दिवा लागायचा, दिसला की बटण दाबायचं. कागद बाहेर आला तेव्हा त्याचा उजवा अर्धा भाग पांढरा होता आणि डावा काळा. दोन्ही डोळ्यांचं चित्र तसंच. मग डोक्याचा फोटो निघाला.

"डोळे उत्तम आहेत," बाई म्हणाल्या. "मेंदूच्या मागच्या बाजूला, जिथे दिसलेलं समजतं, तिथे एक छोटी गुठळी अडकून गेली आहे. काही महिन्यांपूर्वी. कधी जोराचं डोकं दुखलं होतं?"

"एकदा दुखलं होतं," बाबा म्हणाले. "झोपलो. उठलो तर बरं वाटलं."

"डावीकडे अंधार दिसत नाही माणसाला. तिथे काही उरलंय हेच मेंदू कळवत नाही. म्हणून कित्येकांना पत्ताच लागत नाही, थेट अपघात होतो तेव्हा कळतं. तुमच्या लक्षात कसं आलं?"

"आमच्या जावयाने दाखवून दिलं," सासूबाई म्हणाल्या.

"अच्छा, ते डॉक्टर आहेत का?"

"नाही हो, ते केर काढतात."

बाईंनी आमच्याकडे पाहिलं, नवऱ्याला हसू आवरेना, आणि आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदाच बाबाही हसले. मग हसणं थांबलं आणि त्यांनी स्वतःच विचारलं, "गाडी?"

"नाही," बाई म्हणाल्या. "गेलेला भाग बहुधा परत येणार नाही. दुसरी गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या देते. पण गाडी नाही."

बाबांनी मान हलवली. घरी परतताना ते नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसले, हात मांडीवर ठेवून. प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा हलत होता. घरात शिरल्यावर सासूबाईंनी काही न बोलता आपली खुर्ची उचलली आणि त्यांच्या उजव्या बाजूला आणून ठेवली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बाबा चिडत नव्हते, तेच वाईट होतं. बसून राहायचे. हत्ती जिन्याखाली ठेवला होता, त्याच्याकडे त्यांनी वळून पाहिलं नाही. रविवार आला आणि गेला, आम्हाला कुणाला पाय वर घ्यावे लागले नाहीत.

रोबो मात्र रोज फिरत होता. जमीन आरशासारखी. पाहुणा आला असता तर म्हणाला असता, काय स्वच्छ घर आहे! पण मी सोफ्याची गादी आपटली तर उन्हात धुळीचा लोट उठला. जिन्याच्या पायऱ्यांच्या कोपऱ्यात बोळे साठले. पडद्यांना, गाद्यांना, कपाटाच्या माथ्यावर हात लावायची सोय राहिली नाही. सासूबाईंना सकाळी शिंका सुरू झाल्या. रोबो हुशार खरा, पण त्याच्या लेखी घर म्हणजे जमीन. जमिनीपासून चार बोटं वर जग आहे हे त्याला माहीतच नव्हतं. मी एकदा हत्ती ओढून जिना साफ केला, नवऱ्याने एकदा गाडी केली, आणि दोघांनीही आपापली कामं सांगून अंग काढून घेतलं.

रुग्णालयातून एक मुलगी घरी यायला लागली, बाबांना शिकवायला. जे दिसत नाही तिकडे मान वळवून बघायची सवय लावायची, हे तिचं काम. ती भिंतीवर आकडे चिकटवायची, बाबांनी ते शोधायचे. बाबा शोधायचे, पण शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"यांना मनापासून काय करायला आवडतं?" तिने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं. "हात आणि मान दोन्ही लागतील असं काही."

मी जिन्याखाली बोट दाखवलं.

ती उभी राहिली ती बघतच. "अहो, मग मी आकडे कशाला चिकटवते आहे?"

तिने हत्ती बाहेर काढायला लावला आणि बाबांना एकच नियम घातला. सुरुवात उजवीकडून नाही. आधी डावीकडे जायचं, सोंड भिंतीला टेकवायची, टेकली हे हाताला कळलं पाहिजे, आणि मगच तिथून उजवीकडे यायचं. प्रत्येक फेरीला. डोळ्यांवर भरवसा नाही, भिंतीवर ठेवायचा.

पहिल्या दिवशी बाबा दोनदा चुकले. सोंड हवेतच थांबवून म्हणाले, "टेकली." मुलगी म्हणाली, "टेकली का?" त्यांनी मान वळवली. भिंत अजून लांब होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि सोंड पुढे सरकवली, आणखी पुढे, ठक् आवाज होईपर्यंत.

त्या रविवारी हत्ती परत ओरडला. सासूबाईंनी पाय वर घेतले आणि विणता विणता दोन टाके चुकल्या. काम संपल्यावर बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सोड त्याला."

"कुणाला?"

"जावयाला. डबा रिकामा कर आणि सोड. किती राहिलंय ते बघायचंय मला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, कशाला उगीच..."

"तू गुपचूप परीक्षा घेतलीस तेव्हा चाललं," ते म्हणाले, "आता मी सांगतोय तर नको?"

रोबो फिरला. पट्टा होता. पण तुटक होता, मध्ये मध्ये पांढरा. बाबांनी फोन हातात घेतला, डावीकडे मान वळवून नकाशाची ती कड शोधली आणि बराच वेळ बघत राहिले. "इथे कुंडी आहे. कुंडीलाच भिंत समजलो मी," ते स्वतःशी म्हणाले. दुसऱ्या रविवारी कुंडी चुकली नाही, दाराचा कोपरा चुकला. त्यांना आता नादच लागला. रोबोची फेरी संपली की विचारायचे, "डब्यात किती?" मध्येच एका रविवारी पट्टा परत जाड झाला, आदल्या दिवशी पाहुण्यांमुळे त्यांची झोप झाली नव्हती. त्यांनी तेही लक्षात ठेवलं: दमलो की डावीकडचं आधी सुटतं. ही गोष्ट त्या शिकवणाऱ्या मुलीला इतकी उपयोगी वाटली की तिने ती दुसऱ्या रुग्णांना सांगितली.

वर्तमानपत्राला आता ते डाव्या कडेला लाल पट्टी लावतात. पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची, मग वाचायचं. वाक्यांना सुरुवात आहे असा निकाल त्यांनी दिला आहे. घाटाच्या रस्त्याने आम्ही शेवटी गेलो, नवऱ्याने गाडी चालवली. बाबा मागे बसले आणि त्यांनी वाटेत एकही सूचना केली नाही. हे त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांच्या पायाकडे बघून कळत होतं.

मागच्या आठवड्यात गल्लीच्या टोकाला नव्याने राहायला आलेल्या एक चित्रकला शिक्षिका आल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की या घरात दोन्ही यंत्रं आहेत.

"मला एकच विचारायचंय, काका," त्या बाबांना म्हणाल्या. "रोबो घेतला तर जुना व्हॅक्यूम काढून टाकू का? घरात जागा फार थोडी आहे."

मला वाटलं, बाबा आता हत्तीची बाजू घेणार. पण ते सरसावून बसले. "जिना आहे?"

"नाही."

"गालिचा?"

"एक. काळा."

"काळा!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तो चढणार नाही त्याच्यावर. उंबरे आहेत? पलंग किती उंच आहे? घरात लांब केस कुणाचे?"

"काका, एवढं सगळं बघावं लागतं?"

"बघितल्याशिवाय कसं सांगणार? रोज जमिनीवर पडतं ते तो उचलेल, माझ्यापेक्षा चांगलं उचलेल. गादी, सोफा, पडदे, तिथे सोंडच लागते. पण तुमच्या घरात कुठलं काम जास्त आहे ते मला काय ठाऊक?" ते उठले, दाराकडे गेले, चौकटीच्या डाव्या बाजूला हात टेकवून अंदाज घेतला आणि चपला पायात सरकवल्या. "चला, बघू या तरी."

"अहो, चहा होतोय!" सासूबाई म्हणाल्या.

"झाकून ठेव."

ते त्या बाईंबरोबर गल्लीतून चालत गेले. मी खिडकीतून बघत होते. चालताना दर थोड्या वेळाने त्यांची मान डावीकडे वळत होती आणि ते काहीतरी विचारत होते, हात करून, जमिनीची उंची दाखवत. चांगला तासभर आले नाहीत. आले ते कपाळाला धूळ लावून.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"अजून काही नाही. पलंगाखाली जागा आहे, पण तिथे रंगांच्या बाटल्या ठेवल्यात त्यांनी. आणि फरशीवर रंगीत खडूची भुकटी सांडते रोज. ती भुकटी त्याच्या चाकाला लागली तर घरभर रंगीत रेघा उमटतील का?" बाबा खुर्चीत बसले आणि चहाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "खडू आहे का गं घरात? निळा असला तर बघ."